अनुभव धागा : खिशातली विजेरी लुकलुकते, दोष नेमका कुठे सापडला?

खिशात मावणारी विजेरी पुरती बंद पडली तर एक वेळ परवडते. पण ती मध्येच फडफडते, तळहातावर आपटली की सरळ होते आणि ऐन गरजेच्या वेळी पुन्हा दगा देते, तेव्हा कुठे बोट ठेवावे ते कळत नाही. सेल बदलून पाहणे हा सर्वांचा पहिला उपाय असतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतेही. नव्या सेलवरही विजेरी तशीच वागली तर पुढे काय केले, हे या धाग्यात लिहावे. दोष कोणत्या भागात होता, तो कशावरून ओळखला आणि केलेली दुरुस्ती टिकली का, एवढे अवश्य सांगावे. 'साफ केली आणि चालू झाली' इतकेच लिहिल्यास वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. काय साफ केले, तेच तर हवे आहे.

सुरुवात मीच करतो. माझी विजेरी ॲल्युमिनियमच्या नळीची, एका सेलची आणि मागच्या टोपीत बटण असलेली आहे. या प्रकारात सेलच्या धन टोकाकडून निघालेली वीज एलईडीतून जाऊन परतताना वेगळ्या तारेने येत नाही, तर विजेरीच्या अंगातूनच, म्हणजे नळीच्या धातूतून, मागच्या टोपीपर्यंत आणि तिथून बटण व स्प्रिंगमार्गे सेलच्या ऋण टोकाला पोहोचते. नळीवरचा ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेला कठीण ऑक्साइडचा थर विजेला अडवतो, म्हणून टोपी जिथे टेकते ती नळीची कड मुद्दाम उघडी ठेवलेली असते. नेमक्या त्या जेमतेम मिलिमीटरभर कडेवर जुने वंगण आणि धातूचा बारीक कीस मिळून काळपट राप चढला होता. दिवा चालू ठेवून टोपी किंचित सैल-घट्ट केली की प्रकाश कमी-जास्त होत होता, त्यावरून संशय आला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने कड आणि टोपीच्या आतली गोल पट्टी चकचकीत होईपर्यंत पुसली. त्यानंतर तक्रार राहिली नाही.

*

धागाकर्त्यांनी वीज कशी फिरते ते सांगितलेच आहे, म्हणून त्यावरच आधारलेली एक परीक्षा सांगते, जी मी कोणतीही विजेरी उघडण्यापूर्वी करते. मागची टोपी पूर्ण काढावी, सेल नळीतच राहू द्यावा आणि तांब्याच्या जाड तारेच्या तुकड्याने सेलचे ऋण टोक आणि नळीची उघडी कड जोडावी. दिवा स्थिर लागला तर डोके आणि सेल निर्दोष आहेत, दुखणे टोपीत आहे. तरीही फडफडला तर टोपीच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. या एका तुकड्याने निम्मी शोधाशोध वाचते. अर्थात ज्या विजेरीचे अंग प्लास्टिकचे आहे किंवा बटण डोक्याजवळ आहे, तिथे ही युक्ती चालत नाही.

माझ्या विजेरीत दोष टोपीतच निघाला. टोपीच्या आत डोकावल्यास बटणाला दाबून धरणारी आट्यांची चकती दिसते, तिला समोरासमोर दोन बारीक छिद्रे असतात. ही चकती वापराने सैल होते आणि मग बटण आतल्या आत हलते. टोकदार चिमट्याची दोन्ही टोके त्या छिद्रांत रोवून चकती उजवीकडे फिरवली, ती जवळजवळ पाव फेरा आत गेली आणि काम झाले. काही महिन्यांनी ती पुन्हा सैल झाली, तेव्हा तशीच घट्ट केली. आता टोपी उघडली की चकतीला चिमटा लावून पाहण्याची सवय ठेवली आहे.

*

तीन छोटे सेल एका प्लास्टिकच्या पिंजऱ्यात बसवून तो पिंजरा नळीत सरकवायचा, अशा विजेरीचा माझा अनुभव आहे. यात एका सेलऐवजी तीन सेल, म्हणजे जोडाच्या जागाही तिप्पट, त्यामुळे फडफडण्याची संधी जास्त. माझ्याकडे मधल्या सेलच्या टोकाशी पांढरी भुकटी जमली होती. अल्कलाइन सेलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपले की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचे असे पांढरे क्षार होतात. ते त्वचेला आणि डोळ्यांना अपायकारक असल्याने हातमोजे घालून, काडीला थोडे व्हिनेगर लावून पुसले. भुकटीवर बारीक बुडबुडे येतात आणि ती विरघळते. नंतर ओल्या काडीने व्हिनेगरही काढून पिंजरा पूर्ण वाळू दिला.

दुरुस्ती मात्र टिकली नाही, हे नोंदवले पाहिजे. क्षारांनी स्प्रिंगवरचा मुलामा खाल्ला होता, खालचे पोलाद उघडे पडून गंजले आणि फडफड परतली. शेवटी पिंजराच बदलला. तिन्ही सेल एकाच वेळी, एकाच प्रकारचे घालावेत, हेही सांगतो. जुना सेल नव्यांसोबत घातला की तो आधी रिकामा होतो, बाकीचे दोन त्यातून वीज ढकलत राहतात आणि तोच गळतो.

*

माझी तक्रार वेगळी होती. विजेरी सुरुवातीला ठणठणीत असायची आणि डोके हाताला गरम लागू लागले की लुकलुकायची. बंद करून थंड होऊ दिली की पुन्हा शहाणी. मागच्या टोपीवर टिचकी मारून काही फरक पडत नव्हता, डोक्यावर मारली की पडत होता. डोके उघडल्यावर एलईडीच्या पट्टीला जोडलेल्या लाल तारेचा डाख वरून धरलेला दिसत होता, पण भिंगाखाली त्याच्याभोवती केसासारखी चीर दिसली. उष्णतेने धातू प्रसरण पावला की ती चीर उघडायची. जुना डाख काढून नवा दिल्यावर विजेरी तासभर सलग जळली तरी स्थिर राहते. ज्यांना डाख देण्याचा सराव नाही, त्यांनी हे काम जाणकाराकडून करून घ्यावे, कारण ॲल्युमिनियमचा तळ उष्णता ओढून घेतो आणि डाख वरवरच बसतो.

*

सगळी फडफड म्हणजे बिघाड नव्हे, हे कोणीतरी लिहायला हवे. लिथियम-आयन बॅटरीच्या अनेक विजेऱ्या बॅटरी उतरत आल्याची सूचना म्हणून मुद्दाम उघडझाप करतात. ही उघडझाप तालात असते. सैल जोडाची फडफड वेडीवाकडी असते आणि धक्क्याबरोबर बदलते. मल्टिमीटर असल्यास बॅटरी मोजावी: पूर्ण भरलेली 4.2 व्होल्ट दाखवते, 3 व्होल्टच्या आसपास असेल तर आधी ती चार्ज करावी आणि मगच पुढचा विचार करावा. मंद प्रकाशात मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात, तोही दोष नाही. काही विजेऱ्या प्रकाश कमी करण्यासाठी एलईडी अतिशय वेगाने चालू-बंद करतात.

*

माझी विजेरी चालताना आपोआप मंद व्हायची, मग एकदम जोरात उघडझाप करू लागायची, म्हणून आतले सर्किट गेले असे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात अशा विजेरीत बटण अर्धवट दाबून क्षणभर वीज तोडली की प्रकाशाचा प्रकार बदलतो, आणि हेच काम पावलांच्या धक्क्याने परस्पर होत होते. तिच्यात बसणाऱ्या 18650 या लिथियम-आयन बॅटरीची लांबी सुमारे 65 मिलिमीटर असते, पण संरक्षक सर्किट असलेली त्याहून काही मिलिमीटर लांब भरते. विजेरी लांब बॅटरीसाठी घडवलेली होती आणि आत आखूड, सपाट टोकाची बॅटरी होती. वर टोक उंच असलेली बॅटरी घातली आणि प्रश्न मिटला. सपाट टोकावर छोटे लोहचुंबक ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये, चुंबक सरकला तर बॅटरी शॉर्ट होऊन आग लागू शकते.

*

जुन्या, तारेच्या बल्बच्या विजेरीबद्दल थोडक्यात: बल्ब आट्यांत सैल झालेला असतो, किंवा त्याच्या बुडाचा शिशाचा ठिपका दबून सपाट झालेला असतो. बल्ब घट्ट बसवावा, ठिपका पॉलिश पेपरने हलकेच घासावा.

*

धागाकर्ता : वरचा पॉलिश पेपर त्या ठिपक्यापुरताच ठेवावा, ही विनंती. स्प्रिंगवर आणि सोनेरी किंवा निकेलच्या मुलाम्यावर तो मारल्यास आज फरक दिसतो, पण मुलामा गेल्यावर गंज लवकर धरतो. तिथे साधा खोडरबर पुरतो. टोपीच्या रबरी कड्याला काय लावावे, असे एकाने विचारले आहे. सिलिकॉन वंगणाचा पातळ हात द्यावा. पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचे रबर फुगते, मग टोपी नीट बसत नाही. आणि वंगण कड्यावर व आट्यांवरच राहू द्यावे, नळीची उघडी कड कोरडी पुसून मगच टोपी लावावी.