शब्दचर्चा: 'आर' आणि 'टीसीएल/टीके' यांच्या बाइंडिंगला मराठीत काय म्हणावं?

धंतोली, नागपूर:
संत्राबागांच्या पाहणीची आकडेमोड आम्ही आर या संगणकी भाषेत करतो. नोंदी भरणाऱ्यांवर कमांड लिहायची वेळ येऊ नये म्हणून आरच्या टीसीएलटीके पॅकेजमधून एक छोटी खिडकी केली आहे. बागेचं नाव, झाडांची संख्या, बहार आंबिया की मृग, आणि खाली एक बटण. तिची मराठी माहितीपुस्तिका लिहिते आहे. 'बाइंडिंग'साठी, म्हणजे एका भाषेतून दुसरीची साधनं वापरू देणाऱ्या व्यवस्थेसाठी, सेतू, दुवा, बंध, जोडणी असे शब्द मनात आहेत. 'कॉलबॅक'ला, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनला, मात्र काहीच सुचत नाही.

महाल, नागपूर:
आधी आत काय चालतं ते पाहू. आर ही ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवलेली संख्याशास्त्राची भाषा. टीसीएल ही भाषा जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये बर्कलीला सुरू केली, आणि खिडक्या-बटणांसाठीचं टीकेही त्यांचंच. पीटर डालगार्ड यांनी ही दोन्ही आरला जोडली. ते पॅकेज आता आरसोबतच मिळतं आणि जॉन फॉक्स यांचं आर कमांडर, म्हणजे आर खिडक्या-बटणांतून वापरू देणारं पॅकेज, त्याच्यावरच उभं आहे.

सेतू नको. सेतू म्हटला की दोन काठ आले, आणि इथे टीसीएलचा इंटरप्रिटर, म्हणजे कमांड वाचून चालवणारा भाग, आरच्याच प्रोसेसमध्ये चालतो. दुवा हा शब्द लिंकसाठी रुळलाय. बंधही टाळा, कारण टीकेमध्ये 'बाइंड' नावाची वेगळीच कमांड आहे, कळ दाबली किंवा क्लिक केलं की काय करायचं ते नेमून देणारी. वाचणाऱ्याचा घोटाळा होईल. माझं मत जोडणीला.

काटोल:
कलम काहून नाही? जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. झाड एकच, पण खुंट जंबेरीचाच राहते अन् फळ संत्र्याचं येते. खाली आर, वर टीके. मी हे पॅकेज वापरून राहिलो, मले तर असंच दिसते.

महाल, नागपूर:
दादा, समजावून सांगायला हे फार चांगलं आहे. ताई, प्रस्तावनेत नक्की घ्या. पण कलम एकदा धरलं की सुटत नाही, आणि हे पॅकेज लायब्ररी कमांड दिली तरच चढतं. शिवाय पुस्तिकेत 'कलम ३' दिसलं की कायदाच आठवेल.

कॉलबॅकला कोणी 'प्रतिसाद' सुचवेल. तो घेऊ नका. संख्याशास्त्रात 'प्रतिसाद चल' आधीपासून आहे आणि तुमचे वाचक तेच समजतील. बटण तयार करताना आपण आरचं एक फंक्शन टीकेच्या हवाली करतो. आर ते टीसीएलला कळेल अशा कमांडमध्ये गुंडाळून देतं. कोणी बटण दाबलं की टीके ती कमांड चालवतं आणि काम परत आरमध्ये येतं. म्हणजे जोडणी दुहेरी आहे, आणि पुस्तिकेत हे ठसलंच पाहिजे. नाम कॉलबॅकच ठेवा, वाक्य मात्र मराठी करा: 'बटण दाबल्यावर हे फंक्शन चालतं.'

धंतोली, नागपूर:
पटलं. रकान्यात भरलेली किंमत धरायला टीसीएलव्हार या फंक्शनने केलेल्या चलाला 'सामाईक चल' म्हटलं तर? सातबाऱ्यामुळे सामाईक शब्द सगळ्यांना माहीत आहे.

महाल, नागपूर:
चालेल, पण एक ओळ जोडा. किंमत टीसीएलकडे असते, आरकडे तिची फक्त खूण. टीसीएलव्हॅल्यूने वाचली की मजकूर मिळतो, आकडा नाही. टीसीएलमध्ये मुळात सगळं मजकूरच धरलं जातं. झाडं 240 भरली तरी बेरजेआधी अ‍ॅज-न्यूमेरिकने आकडा करून घ्यावा लागतो.

काटोल:
अन् कोणी देवनागरीत २४० टाकलं तर एनए, म्हणजे 'किंमत नाही', येते! आमच्याकडे अर्धे लोक देवनागरी कीबोर्डवरच भरतात. अक्षराला अक्षर बदलणारं चार्टीआर आधी चालवा, मग आकडा करा. विंडोजवर आर ४.२.० किंवा पुढचं घ्या, तिथून यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत, मूळचीच आहे. जुन्यात मराठी अक्षरांचा फार त्रास होता.

धंतोली, नागपूर:
हे माझ्या लक्षातच नव्हतं, आजच घालते. मग संख्येच्या रकान्याशेजारी 'आकडे मराठी किंवा इंग्रजी, दोन्ही चालतील' असं लिहिते, आणि बटणावर 'सबमिट'ऐवजी 'नोंदवा'.

काटोल:
'नोंदवा' बरोबर आहे, ताई. बाजूला अजून एक बटण द्या, खिडकी बंद न करता रकाने रिकामे करणारं. त्याले 'पुसा' म्हणा. 'रद्द' दिसलं का लोकायले वाटते, आधी भरलेलंही गेलं.