फॉस-जूनचा पट्टा पुसट, खाली धूर: जेल शिफ्टमध्ये चुकतंय कुठे?

धंतोलीकर: जेल शिफ्ट (डीएनएला प्रथिन चिकटलं की तो जेलमधून हळू सरकतो, पट्टा वर दिसतो) करतोय. फॉस आणि जून ही दोन्ही प्रथिनं घातली, तरी सरकलेला पट्टा पुसट येतो, खाली लांब धूर. नुसत्या फॉसला तर काहीच नाही. प्रथिन खराब झालं का?

संत्राबर्फी: नुसत्या फॉसला पट्टा येणारच नाही! त्याची स्वतःशी जोडी टिकत नाही, जूनशी जमते. दर सातव्या जागी ल्युसीन हे अमिनो आम्ल असलेली दोघांची हेलिक्सं (मळसूत्री भाग) एकमेकींत गुंततात आणि त्यांचे धनभारित पाय डीएनएच्या मोठ्या खोबणीत चिमट्यासारखे बसतात. टीजीएसीटीसीए या डीएनएच्या ७ अक्षरांतला एकेक अर्धा भाग एकेक पाय वाचतो. म्हणून आधी दोन्ही प्रथिनं ३७ अंशांवर १५ मिनिटं एकत्र ठेवा, डीएनए मागाहून.

बर्डी_३: डीटीटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) ताजं आहे का भाऊ? डीएनएला टेकणाऱ्या भागातलं सिस्टीन हे अमिनो आम्ल ऑक्सिडाइज झालं की पकड ढिली. १ मिलिमोलर, त्याच दिवशी विरघळवलेलं.

वैदर्भी: धूर म्हणजे जेल धावताना जोडी डीएनएवरून सुटतेय. ५ टक्के जेल, ०.५ पट टीबीई बफर, १०० व्होल्ट, कोल्ड रूममध्ये. मे महिन्यातल्या नागपुरात कूलरवर भरवसा नको राजेहो. पॉली डीआय-डीसी (भलती प्रथिनं अडकवायला घालतात तो आमिष डीएनए) जास्त झालं तर खरा पट्टाही खातं.

धंतोलीकर: डीटीटी मार्चचं, फ्रिजमधलं. आज नवीन करतो.