लिंबू पिळलेला कोरा चहा आणि दातांतून जाणारी कळ

प्रश्न:
नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. वजन कमी करण्यासाठी गेल्या उन्हाळ्यापासून दुधाचा चहा सोडून लिंबू पिळलेला कोरा चहा घेऊ लागलो, आणि कामाच्या व्यापात थर्मासमधून तो घोट-घोट करून दिवसभर पीत असतो. आता माठाचे पाणी प्यायलो तरी वरच्या पुढच्या दातांतून कळ जाते, शिवाय त्यांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसू लागल्या आहेत. हे चहातील आम्लामुळे होते का? कॉफी घेतल्यास फरक पडेल का?

उत्तर १:
मी दंतवैद्य आहे. न तपासता निदान करणे योग्य नव्हे, पण कडा आरपार दिसणे हे दात आम्लाने झिजल्याचे ओळखीचे लक्षण आहे. तोंडातील सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधील, म्हणजे दातांवरील कठीण आवरणातील, खनिज विरघळू लागते. कोरा चहा आणि काळी कॉफी या दोन्हींचा सामू 5 च्या आसपास असतो आणि एवढे आम्ल लाळ बहुधा निभावून नेते, त्यामुळे कॉफीकडे वळून विशेष काही साधणार नाही. लिंबाच्या रसाचा सामू मात्र 2 ते 3 असतो, आणि सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. त्यातही आपण घोट-घोट पिता, म्हणजे लाळेने तोंड सावरण्याआधीच पुढचा घोट पोहोचतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम जाऊन तोंड कोरडे पडते तेव्हा तर लाळही अपुरी पडते. लिंबू बंद करा, चहा एका बैठकीत संपवा आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरा. छातीत जळजळ होत असेल तर तेही दंतवैद्यांना सांगा, कारण पोटातून वर येणारे आम्लही दात झिजवते.

उत्तर २:
माझी आई विड्या वळायची. सकाळचा चहा झाला की लगेच मिश्री घेऊन बोटाने दात खसाखसा घासायची, आणि हिरड्यांलगत दातांना खाचा पडल्या तरी तिला ती स्वच्छताच वाटे. आंबट काही घेतल्यावर दातांचा पृष्ठभाग काही काळ मऊ असतो, म्हणून निदान अर्धा तास ब्रशसुद्धा लावू नये, हे आम्हाला फार उशिरा कळले. मिश्रीत तर तंबाखू असते. ती कोणत्याही वेळी वाईटच.

उत्तर ३:
लिंबू सोडून पुन्हा गोड चहाकडे वळू नका. दुधामुळे चहाची आम्लता कमी होते हे खरे, पण साखरेपासून तोंडातील जंतू स्वतःच आम्ल तयार करतात आणि दात किडतात. चहाचे तपकिरी डाग हा निराळा विषय आहे. ते दंतवैद्यांकडे साफ करून मिळतात, झिजलेले इनॅमल मात्र पुन्हा उगवत नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. थर्मासमध्ये आजपासून साधे पाणी भरले आहे आणि शनिवारी दात तपासून घेणार आहे. मीही चहानंतर लगेच ब्रश करत होतो.