स्वीडन: १०७ जागांचा पक्ष विरोधात आणि ६८ वाल्यांचा पंतप्रधान?

माणदेशी_वाचक: लेक उप्सालाला असते, म्हणून तिथल्या बातम्या वाचतो. २०२२ च्या संसद निवडणुकीत ३४९ पैकी १०७ जागा सोशल डेमोक्रॅट्सना, सर्वांत जास्त. तरी पंतप्रधान झाले मॉडरेट पक्षाचे उल्फ क्रिस्टरसन. त्यांना राजाने बोलावलं का?

गोथेनबर्गकर: काका, राजाचा यात काही संबंध नाही. नाव संसदेचे सभापती सुचवतात, मग मतदान. आणि बाजूने किती मतं पडली याला महत्त्व नाही. विरोधात १७५ भरली नाहीत की झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सोशल डेमोक्रॅट्सच्या मॅग्डालेना अँडरसन यांना बाजूने ११७ आणि विरोधात १७४ मतं होती. तरी त्या निवडून आल्या! त्याच दिवशी सरकारचा अर्थसंकल्प पडला, ग्रीन पक्ष सरकारमधून बाहेर पडला, अँडरसन यांनी राजीनामा दिला. पुढच्याच आठवड्यात पुन्हा निवडून आल्या, या वेळी बाजूने फक्त १०१, विरोधात १७३. बाकीचे तटस्थ बसले.

२०२२ ला उजवीकडचे चार पक्ष मिळून १७६, समोर १७३. पण त्या चारांत सर्वांत मोठा स्वीडन डेमोक्रॅट्स, ७३ जागा. त्यांचा एकही मंत्री झाला नाही, आणि स्थलांतराचं धोरण मात्र त्यांच्या सह्या असलेल्या तिदो करारातून, म्हणजे या चार पक्षांनी सरकारसाठी केलेल्या करारातून, ठरलं. मला हे मनापासून खटकतं. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्याच्या आयुष्यावर ज्याचा परिणाम होतो, त्याचा जाब मंत्री नसलेल्या पक्षाला कसा विचारायचा?

लुंडवाला: करार जाहीर आहे, कोणीही वाचावा. लपवाछपवी कसली? मला ४ टक्क्यांची अट जास्त महत्त्वाची वाटते, म्हणजे देशभरात तेवढी मतं मिळाली नाहीत तर पक्षाला संसदेत सहसा जागाच मिळत नाहीत. लिबरल पक्षाला ४.६ टक्के मिळाले म्हणून १६ जागा आल्या. तो ४ च्या खाली घसरला असता तर उजव्यांचं बहुमतच गेलं असतं. म्हणून मोठ्या पक्षाचे काही मतदार मुद्दाम छोट्या मित्रपक्षाला मत देतात.

गोथेनबर्गकर: जाहीर आहे हे मान्य. पण वाचता येणं वेगळं आणि संसदेत मंत्र्याला उभं करून विचारता येणं वेगळं.

माणदेशी_वाचक: आता डोक्यात शिरलं. लेकीकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. तिला मत देता येईल?

गोथेनबर्गकर: तिथे रहिवासी म्हणून नोंदणी होऊन सलग ३ वर्षं झाली असतील तर नगरपालिका आणि प्रांत, दोन्हींसाठी देता येईल. पांढरी मतपत्रिका नगरपालिकेची, निळी प्रांताची. संसदेची पिवळी फक्त नागरिकांना. घरी मतदार कार्ड येतं, कुठल्या निवडणुकीत मत देता येईल ते त्यावरच छापलेलं असतं. तिला जायला सांगा. शाळा नगरपालिकेकडे, दवाखाने प्रांताकडे असतात.