शतावरीची वाळलेली वेल उपटू नये
उन्हाळ्यात कुंडीतली शतावरी पिवळी पडून वाळली, आता ती उपटून टाकावी का, असे आपण विचारले आहे. कृपया उपटू नका. जमिनीखालच्या मुळ्यांच्या झुपक्यात तिचा जीव टिकून असतो आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर त्याच बुडख्यातून कोवळे कोंब वर येतात. पाणी मात्र साचू देऊ नये, मुळ्या कुजतात. दुधातून घ्यायच्या चूर्णासाठी मुळ्या काढायच्या असतील, तर लागवडीनंतर किमान दीड वर्ष थांबावे. त्या ओल्या असतानाच साल सोलून आतली दोऱ्यासारखी चिवट शीर ओढून काढली, म्हणजे नीट वाळतात आणि चूर्णही बारीक होते. कोंब असलेला बुडखा तेवढा पुन्हा मातीत लावावा. बियांपेक्षा त्यापासून वेल लवकर धरते.