सगळे सोयरे, तरी गादी गेली?

प्रश्न (फोंडा): मुलांना 1910ची पोर्तुगीज क्रांती शिकवतेय. तिथं गादी गेलेला राजा दुसरा मानुएल आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज, दोघेही साक्स-कोबुर्ग या जर्मन राजकुळातले. मानुएलची आई आमेली फ्रान्सच्या ओर्लेआँ घराण्यातली. मग कुणीच कसं धावून आलं नाही?

म्हापसा: आसरा मिळाला, सैन्य नाही. 1908मध्ये लिस्बनला बाप आणि थोरला भाऊ एकाच बग्गीत गोळ्यांना बळी पडले. अठराव्या वर्षी हा पोरगा गादीवर. 1910च्या क्रांतीत, 5 ऑक्टोबरला, पोर्तुगालमधल्या एरिसेइराच्या किनाऱ्यावरून जिब्राल्टर, तिथून इंग्रजांच्या राजनौकेतून इंग्लंड. आणि 1911मध्ये त्याच इंग्लंडनं प्रजासत्ताकाला मान्यता दिली! मला हे फार लागतं.

डिचोली: बाई, आपल्याकडचंही सांगा. राजा गेल्यावरच गोव्यातल्या हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले, सरकारी नोकऱ्या खुल्या झाल्या. मला त्या राजाची हळहळ वाटत नाही.

फोंडा: उद्याच्या तासाला हेच आधी घेते.