चकमकीच्या बंदुकीचा हंगाम सर्वांना खुला करावा काय?

लँकेस्टरकर (धागालेखक)

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत हरणांच्या शिकारीचा जो उशिराचा हंगाम असतो, त्यात फक्त चकमकीच्या घोड्याची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक चालते. स्फोटक द्रव्याच्या छोट्या टोपीवर घोडा आपटून बार उडवणारी टोपीची बंदूक चालत नाही, मग टोपी थेट नळीच्या मागे बसणारी, दुर्बीण लावलेली आधुनिक ‘इनलाइन’ तर दूरच राहिली. हा हंगाम १९७४ साली सुरू झाला. ही अट काढून टाकावी आणि ठासणीची कोणतीही बंदूक चालू द्यावी, असे इथले काही शिकारी अधूनमधून म्हणत असतात. माझ्या मते ती अट काढू नये.

ज्यांनी ही बंदूक हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यासह आवळलेली गारगोटी ‘फ्रिझन’ नावाच्या पोलादी पट्टीवर घासत खाली येते, पोलादाचे तापलेले कण खरवडले जाऊन वाटीतल्या रंजकेवर (पेटवणीच्या बारीक दारूवर) पडतात, रंजक पेटते आणि तिची आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, नळीत शिरून बार उडतो. एवढ्या वेळात नाकासमोर भपका उठलेला असतो आणि तरीही नेम हलू द्यायचा नसतो. फ्रिझन मऊ निघाली तर ठिणगी पडत नाही. मग हौशी माणूस ती सोडवून घेतो, चुंबक धरेनासा होईपर्यंत भट्टीत तापवतो, तिला पाणी देऊन कडक करतो आणि पुन्हा बेताने तापवून तिचा ठिसूळपणा घालवतो. ज्याला हे जमले तो पुढे चाकू घडवतो, फेकायची कुऱ्हाड घडवतो, बंदुकीच्या दस्त्यासाठी लाटांसारख्या रेषांचे मेपलचे लाकूड शोधत फिरतो. माझ्या ओळखीतले बहुतेक जण या छंदात आले ते या हंगामामुळेच.

१९८५ साली टोनी नाइट यांची एमके-८५ ही इनलाइन बंदूक बाजारात आली. त्यानंतर ज्या राज्यांनी ठासणीचा हंगाम सर्वांना मोकळा ठेवला, तिथे तो हळूहळू एकबारी रायफलीचाच आणखी एक हंगाम होऊन बसला. आपल्याकडे तसे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

सरळनेम

धागालेखकांच्या छंदाविषयी मला आदर आहे, परंतु शिकारीचे नियम छंद जोपासण्यासाठी केलेले नसतात. हरणांची संख्या आटोक्यात राहावी आणि जनावर कमीत कमी हालात मरावे, हे त्या नियमांचे काम आहे. रंजक पेटते पण बार उडत नाही, किंवा क्षणभर उशिरा उडतो, हा अनुभव चकमकवाल्या प्रत्येकाला आहे. तेवढ्या उशिरात हरीण एक पाऊल पुढे गेलेले असते आणि गोळी पोटात बसते. शिवाय दुर्बीण नसताना पन्नाशी उलटलेल्या माणसाला उघड्या माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर) नजर ठरवता येत नाही, हा निसर्ग आहे.

शिवाय नियमाचे अक्षर पाळून त्याचा आशय गुंडाळून ठेवण्याचे काम बाजाराने केव्हाच केले आहे. ट्रॅडिशन्स कंपनीची ‘पीए पेलेट’ ही बंदूक पाहावी. तिच्या नावातले ‘पीए’ हे याच राज्याचे संक्षिप्त नाव आहे, घोडा चकमकीचा आहे आणि आत दारूच्या तयार गोळ्या चालाव्यात अशी रचना आहे. दस्ता कृत्रिम असला तरी चालतो. ही बंदूक जंगलात चालते आणि आजोबांनी प्रेमाने जपलेली टोपीची जुन्या धाटणीची हॉकन रायफल चालत नाही, यात परंपरेचे कोणते रक्षण झाले?

इतिहासाचा दाखलाही धागालेखकांच्या बाजूने नाही. अठराव्या शतकात लँकेस्टर परगण्यात जर्मन आणि स्विस वंशाच्या कारागिरांनी जी लांब रायफल घडवली, ती त्या काळातली सर्वांत नवी वस्तू होती. स्कॉटिश धर्मगुरू फोर्साइथ यांनी १८०७ मध्ये स्फोटक द्रव्याने बार उडवण्याचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत त्याच कारागिरांच्या वारसांनी जुने चकमकीचे घोडे काढून टोपीचे बसवून दिले. त्यांना कोणी अट घातली नव्हती.

ऐरण

मी दोघांशीही असहमत आहे, पण धागालेखकांशी अधिक.

हंगामामुळे कारागिरी जगते, हे विधान तपासून पाहावे. इंडियानात ठासणीच्या हंगामात इनलाइन सर्रास चालते. तरीही त्याच राज्यात फ्रेंडशिप या लहानशा गावी, १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी रायफल संघटनेच्या मैदानावर, वसंतात आणि शरदात नेमबाजीचे मेळावे भरतात. तिथे हाताने घडवलेली कुलपे (घोडा आणि चाप चालवणारी यंत्रणा), नळ्या, शिंगाच्या दारूदाण्या, घडीव कुऱ्हाडी हे सारे मांडलेले असते. तिथे येणारा माणूस हरणासाठी आलेला नसतो. उलट तुमच्या डिसेंबरच्या हंगामात जंगलात दिसणाऱ्या बंदुका कारखान्यातल्या असतात, आणि ज्याने ती पेटीतून काढून थेट खांद्याला लावली त्याने भट्टीचे तोंड पाहिले असेल असे मानण्याचे कारण नाही.

दुसरे असे की, ‘सगळे आपल्या हाताने’ हा छंदवाल्यांचा आग्रह जुन्या कारागिरांनाच मान्य झाला नसता. वसाहतकाळातले अमेरिकन बंदूककार घोड्याची कुलपे बहुधा इंग्लंडहून किंवा जर्मनीहून आणवत. बंदूककार वॉलेस गस्लर यांनी व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग या जुन्या वसाहतकालीन गावाच्या संग्रहालयात नळी, कुलूप, दस्ता, अगदी स्क्रूसुद्धा स्वतः करून अख्खी रायफल उभी केली, ती १९६० च्या दशकात. नळीसाठी लोखंडाची पट्टी गाभ्याच्या गजाभोवती वळवून, पांढऱ्या उष्णतेत थोडी थोडी सांधत नेणे, मग आत मळसूत्रासारखे आटे पाडणे, हे काम मी जवळून पाहिले आहे आणि त्यामुळे मला गस्लर यांचे मोल कळते. परंतु असे काम शिकार खात्याच्या परिपत्रकाने घडत नाही.

काजूबाग

सिंधुदुर्गातून लिहीत आहे. आमच्याकडे ठासणीची बंदूक हौसेची नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना असतो, रानडुकरे आणि माकडे बाग उजाड करतात, आणि निवडणूक लागली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, मग त्या काळात राखण कशी करायची हे ज्याचे त्याने पाहावे. आमच्या पावसात वाटीत उघडी रंजक घेऊन कोणी फिरेल असे मला वाटत नाही. टोपीसुद्धा मेणाने बंद करून न्यावी लागते. त्यामुळे सरळनेम यांचे म्हणणे मला पटते: बार उडालाच पाहिजे.

जाता जाता इथल्या वाचकांसाठी एक सूचना. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९६८ पासून अशा बंदुकांना बऱ्याच अंशी वगळले आहे, म्हणून तिकडे घरी बंदूक जुळवणे हा छंद होऊ शकतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा ठासणीच्या बंदुकीलाही लागू आहे आणि परवान्याशिवाय ती घडवणे हा गुन्हा आहे. कुऱ्हाडी आणि कोयते मात्र खुशाल घडवावेत.

लँकेस्टरकर

सरळनेम यांनी जखमी जनावराचा मुद्दा मांडला, तो गंभीर आहे. पण दोनशे यार्डांवरून दुर्बिणीतून बार टाकण्याचा मोह चकमकवाल्याला होत नाही. तो साधारण सत्तर-ऐंशी यार्डांच्या आत आल्याशिवाय घोडा चढवतच नाही. इनलाइनवाल्यांना ऑक्टोबरमध्ये मादी हरणांसाठी आठवडा मिळतोच, म्हणजे त्यांच्यावर दार बंद आहे असे नाही. धनुर्बाणाच्या हंगामात २००९ साली चाप ओढून बाण सोडणाऱ्या क्रॉसबोला सरसकट परवानगी मिळाली, त्यानंतर साधे धनुष्य घेऊन निघणाऱ्याला आपला हंगाम आपला वाटेनासा झाला. मला ती वाट नको आहे.

ऐरण यांना एवढेच सांगतो की, फ्रेंडशिपला जाणारा माणूस आधी कुठेतरी तयार व्हावा लागतो. पेटीतली बंदूक घेऊन आलेल्या मुलाची ठिणगी बर्फात तीनदा फुकट गेली की तो चौथ्या वेळी फ्रिझनकडे पाहू लागतो.

सरळनेम

मग मधला मार्ग काढू. इनलाइन नको, दुर्बीण नको, पण बाजूला घोडा असलेली टोपीची पारंपरिक बंदूक चालू द्या. खऱ्या काळ्या दारूचा प्रश्नही त्यात थोडा सुटेल. लुइझियानातला गोएक्सचा काळ्या दारूचा कारखाना २०२१ मध्ये बंद होणार असे जाहीर झाले तेव्हा चकमकवाल्यांची झोप उडाली होती, कारण बदली दारू वाटीतल्या आगीने भरवशाने पेटत नाही. २०२२ मध्ये एस्टेस कंपनीने तो घेतला म्हणून निभावले. टोपीच्या बंदुकीत निदान पायरोडेक्स ही बदली दारू तरी चालते.

ऐरण

टोपीला माझी हरकत नाही. कुलूप आणि कानाकडची जोडणी बदलली की तीच नळी, तोच दस्ता दोन्ही प्रकारे चालतो, आणि ते काम आमच्यासारख्यांनाच मिळेल. फक्त ‘पारंपरिक’ कोणती हे नियमात लिहायचे झाले, तर ‘पीए पेलेट’सारखीच टोपीची बंदूक दुसऱ्याच वर्षी दुकानात येईल, याची तयारी ठेवावी.

लँकेस्टरकर

म्हणूनच मी चकमकीशी थांबतो. गारगोटी आहे की नाही, हे वनरक्षकाला दुरून दिसते.